सावद्यातला आरसेमहाल

महाल आला बऱ्हाणपूरहून, दोन आयशर भरून.
कमानी, खांब, थर्माकोलची पंखवाली बाळं,
सोनेरी स्प्रे असा ताजा की बोटाला लागावा.
फ्रेंच थीम, डेकोरेशनवाला म्हणाला. झुंबराचे वेगळे.
दुपारपर्यंत आरशांचे तुकडे चिकटले भिंतभर,
आणि केळीच्या पैशांवर
सावद्याच्या शिवारात राजवाडा उभा राहिला,
शेहेचाळीस डिग्रीत.

माझी जागा सिंहासनामागे.
मुठीत पिना, पदरात पावडरचा पफ.
एम.ए. इतिहास, सेकंड क्लास,
आता ब्रायडल पॅकेज, साडी नेसवण्यासकट.
दामिनीला पहाटे चारला उठवलं होतं मी.
तिच्या केसांत किती पिना गेल्या ते मोजलं नाही,
पण मान वळवायची नाही, एवढं बजावलं.

संध्याकाळी सातपासून ती बसली आहे.
समोर अडीच हजार माणसं
वरण-बट्टी खातायत, वांग्याची भाजी पुन्हा मागतायत,
आणि दर दोन मिनिटांनी कुणी तरी वर येतं,
पाकीट देतं, फोटोपुरतं हसतं, उतरतं.
नवरा मित्रांमध्ये. त्याचं सिंहासन रिकामं,
त्यावर कुणाचं तरी झोपलेलं पोर.

आठच्या सुमारास ओठ न हलवता ती म्हणाली,
ताई, पाणी.

मी करवलीला सांगितलं. करवलीने ग्लास आणला,
तेवढ्यात नवऱ्याची मोठी आत्या आली:
माह्या हातानं देते, नवी सून हाय आमची.
ग्लास आत्याकडे गेला.
आत्याने तो मोठ्या जावेला दिला, मान तिचा म्हणून.
जाऊ म्हणाली, सासूबाई कुठे हायेत? थांबा.
सासूबाई गेटपाशी, आमदारांच्या गाडीची वाट बघत.
मग फोटोग्राफर: मॅडम, ग्लास फ्रेममध्ये येतोय, खाली घ्या.

पेपर चौथा, युरोप.
चौधरी मॅडम शिकवायच्या, खिडकीतून बाहेर बघत.
फ्रान्सच्या राणीला सकाळी अंगात सदरा घालायचा असे,
स्वतः उचलून घालता येत नसे.
दासीच्या हातातून मानकरणीकडे,
तेवढ्यात दार वाजे, तिच्याहून थोर कुणी आत येई,
हातमोजे काढी, सदरा तिच्याकडे जाई.
पुन्हा दार.
राणी उघडी, छातीशी हात, थंडीने कुडकुडत,
भोवती सगळा दरबार.
वर्ग हसला होता. मीही.
मानपान हा शब्द आम्हाला समजावावा लागला नव्हता.

सासूबाई आल्या तेव्हा पाणी कोमट झालं होतं.
स्ट्रॉने दोन घोट. लिपस्टिक वाचली.
मी हनुवटीचा घाम टिपला
आणि तिच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं,
त्याचेच पैसे घेते मी.

पुढे बराच वेळ काही नाही.
कूलर घुरघुरत होते. झुंबरातला एक दिवा फडफडून गेला,
आरशांत तो कितीतरी वेळा गेला.

मग ती कुजबुजली,
ताई, माह्या मागे काय हाय?

मला वाटलं पदर सुटलाय.
नाही, तसं नाही. महाल कसा हाय? मी पाह्यलाच नाही.
आता मी वळून पाहिलं.
मागे फ्लेक्सची पाठ, पांढरी, त्यावर कंपनीचा शिक्का.
बांबू, सुतळी, कूलरचा गळका पाईप,
गोणपाटावर आडवा झालेला वायरमन.
आणि फ्लेक्स जिथे फाटलाय तिथून,
जनरेटरच्या उजेडात,
केळी.

केळी हाय, मी म्हटलं. तिच्यासारखंच बोलून गेले.
कांदेबाग?
असंल.
निसवली का?
मी फटीला डोळा लावला. इतिहासवालीला काय कळतं यातलं,
पण पानांच्या मधून काही तरी जांभळं, जड,
खाली मान घालून लोंबत होतं.

निसवली, म्हटलं.

तिने श्वास सोडला. मान तशीच, सरळ.
माह्या बापाची अजून नाही निसवली, म्हणाली,
आणि पुढचं पाकीट घ्यायला हात उचलला.